तंद्री मोडू नये म्हणून

कॉम्प्युटरवरचा एखादा शॉर्टकट कुणाला सांगितला, की बहुतेकदा पहिला प्रश्न येतो, "पण याने वेळ असा कितीसा वाचणार?" प्रश्न रास्त आहे. मेन्यू उघडून 'कॉपी' शोधायला दोन-तीन सेकंद लागतात, कंट्रोल आणि सी ही दोन बटणं दाबायला अर्धा. दिवसातून शंभरदा हे केलं तरी गाठीशी तीन-चार मिनिटं जमतात. तेवढ्यासाठी कुणी बोटांना नवं वळण लावत बसावं, असं मी कधीच म्हणणार नाही.

तरीही अशा बारीकसारीक युक्त्या मी वर्षानुवर्षं जमवत आले आहे आणि भेटेल त्याला आवर्जून सांगत आले आहे. त्याचं कारण वेगळं आहे. लिहिता लिहिता हात माउसकडे जातो, नजर वाक्यावरून उठून मेन्यूत फिरते, हवं ते सापडतं आणि नजर परत येते. वाक्य होतं तिथेच असतं. पण त्या वाक्याचा पुढचा, अजून कागदावर न उतरलेला अर्धा भाग मात्र निसटलेला असतो. तो पुन्हा जुळवायला किती वेळ गेला, हे कुठल्याच हिशेबात येत नाही. मी युक्तीची किंमत करते ती या न निसटलेल्या अर्ध्या वाक्यावरून.

माणसाच्या डोक्यात एका वेळी फार काही मावत नाही, हे मानसशास्त्राला जुनंच ठाऊक आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये हा आकडा सातच्या आसपास सांगितला आणि तो खूप गाजला. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तोवरच्या प्रयोगांचा नव्याने आढावा घेतला. मनातल्या मनात घोकायची आणि गोष्टींचे गट पाडायची सोय काढून घेतली, तर उरतात साधारण चार, असा त्यांचा निष्कर्ष होता. चार! त्यातली एक जागा 'ते बटण कुठल्या मेन्यूत आहे' याने अडवली, दुसरी 'मघाशी कॉपी केलेलं अजून आहे ना' याने, तर मूळ कामाच्या वाट्याला काय येणार?

कट-कॉपी-पेस्ट ज्यांनी घडवलं, त्यांना हे नेमकं कळलं होतं. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत 'जिप्सी' नावाचा लेखनाचा प्रोग्रॅम केला. त्याआधीच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये एकच बटण एका अवस्थेत अक्षर उमटवायचं आणि दुसऱ्या अवस्थेत हुकूम म्हणून चालायचं. आपण आत्ता कुठल्या अवस्थेत आहोत, हे माणसाने लक्षात ठेवायचं. या अवस्थांना 'मोड' म्हणत, आणि टेस्लर यांचा त्यांना इतका विरोध होता की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही 'नो मोड्स' असंच लिहिलेलं होतं. यंत्राची अवस्था माणसाने डोक्यात वागवावी, हेच त्यांना मुळात मान्य नव्हतं. पुढे ॲपलच्या लिसा आणि मॅकिंटॉश या कॉम्प्युटरांवर झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणं केलेलं मागे घेणं, कापणं, उचलणं आणि चिकटवणं यांसाठी ठरली. चारही खालच्या ओळीत, शेजारी शेजारी, डाव्या हाताखाली. उजवा हात माउसवर तसाच राहतो. इतक्या वर्षांनी ही मांडणी जवळजवळ जशीच्या तशी टिकली आहे.

या व्यवस्थेत एक उणीव मात्र फार काळ राहिली. कॉपी केलेलं जिथे तात्पुरतं राहतं, तो क्लिपबोर्ड म्हणजे एकच ओंजळ. नवं काही उचललं की आधीचं सांडतं. एका खिडकीतून नाव, पत्ता, फोन नंबर आणि खाते क्रमांक दुसऱ्या खिडकीतल्या फॉर्ममध्ये न्यायचा असला, की माणूस चार फेऱ्या मारतो, आणि प्रत्येक फेरीत आपण कुठे होतो ते पुन्हा शोधतो. विंडोजवर यावर २०१८ च्या अखेरीपासून सोय आहे: विंडोजचं बटण धरून व्ही दाबायचं. पहिल्यांदा दाबल्यावर ते परवानगी विचारतं, ती द्यायची. त्यानंतर शेवटच्या पंचवीस गोष्टी तिथे यादीत दिसतात. वारंवार लागणारी ओळ तिथेच पिन करून ठेवता येते. म्हणजे चारही गोष्टी एका दमात उचलायच्या, एकदाच पलीकडे जायचं आणि एकेक जागच्या जागी ठेवायची. फेऱ्या कमी झाल्या ते ठीकच, पण 'मघाचं पुसलं तर गेलं नाही ना' ही मागे सतत चालणारी कुरकुर बंद होते, ते मला जास्त मोलाचं वाटतं. कॉपी केलेला पासवर्डही त्या यादीत येऊन बसू शकतो, एवढं ध्यानात ठेवावं. यादीतलं काहीही पुसता येतं, आणि पिन न केलेलं सगळं मशीन पुन्हा सुरू केल्यावर निघून जातं. याच घरातली आणखी एक युक्ती म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-व्ही. मूळ पानाचा रंग, आकार, फॉन्ट काहीही न आणता नुसता मजकूर चिकटतो. ब्राउझरमध्ये ती चालतेच, इतर बऱ्याच ठिकाणीही चालते.

मला कुणी विचारलं, की कॉम्प्युटर नव्याने शिकणाऱ्याला सगळ्यात आधी काय शिकवावं, तर मी क्षणभरही न थांबता सांगेन: कंट्रोल-झेड. टाइप करणं नंतर, फाइल सेव्ह करणं नंतर.

माझी मावशी साठी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकायला बसली. एक लांबलचक पत्र लिहीत होती. कसं कोण जाणे, सगळा मजकूर निळा झाला आणि पुढचं अक्षर दाबताच पान पांढरं. तिने दोन्ही हात कीबोर्डवरून असे उचलले, जणू चटका बसला.

"अगं, गेलं सगळं! मी काहीतरी मोडलं."

"मावशी, काही मोडलं नाही. डावीकडचं खालचं कंट्रोल धरून ठेव. आता झेड दाब."

पत्र परत आलं. मावशीने ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग जे केलं ते मला फार आवडलं. तिने आपणहून सगळा मजकूर पुन्हा पुसला आणि परत आणला. पुन्हा पुसला, पुन्हा आणला. खात्री पटेपर्यंत हाच खेळ. त्या दिवसानंतर ती न विचारता मेन्यू उघडायला लागली, अनोळखी बटणं दाबून पाहायला लागली. तोवर तिला अडवत होती ती एकच गोष्ट, भीती; आणि ती कितीही समजावून गेली नसती. परतीची वाट आहे हे बोटांना कळलं, आणि भीती गेली.

भीतीही डोक्यातल्या त्या चार जागांपैकी एक अडवून बसते. म्हणून परतीच्या वाटा दाखवणाऱ्या युक्त्या मी सगळ्यात वरच्या मानते. ब्राउझरमधला चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टीने परत येतो. एकदा दाबला तर शेवटचा, पुन्हा दाबला तर त्याच्या आधीचा. हे ठाऊक असलेला माणूस टॅब मोकळ्या हाताने बंद करतो. ठाऊक नसलेला 'असू दे, लागेल' म्हणून तीस-तीस टॅब उघडे ठेवतो आणि त्यांच्या गर्दीत हवा तोच सापडत नाही.

कंट्रोल-झेडचा अंमल मात्र बहुधा फाइल बंद करेपर्यंतच असतो. त्यापलीकडची परतीची वाट म्हणजे बॅकअप. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम पुरेसा आहे: महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. फाइल आपोआप दोन-तीन उपकरणांवर दिसते याला बॅकअप म्हणत नाहीत. एका ठिकाणी पुसली की ती सगळीकडून पुसली जाते. काही सेवांमध्ये पुसलेलं थोडे दिवस कचरापेटीत राहतं, पण भरवसा तेवढ्यावर टाकू नये. आणि अधूनमधून बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर परत काढून, उघडून पाहावी. न उघडलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

सॉफ्टवेअरच्या आवडीनिवडीचं बोलायचं, तर माझी पहिली अट अशी की विचार विरण्याआधी ते उघडलं पाहिजे. सुचलेली ओळ लिहायची आहे आणि प्रोग्रॅम लॉग-इन मागतोय, नव्या सोयींची माहिती देतोय, कुठला साचा हवा ते विचारतोय. तेवढ्यात ओळ गेली. म्हणून झटपट टिपणांसाठी मी साध्या मजकुराच्या फाइलीच वापरते. विंडोजच्या नोटपॅडमध्ये एक जुनी, फारशी कुणाला माहीत नसलेली सोय आहे. नव्या फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत टिंब आणि त्याला लागून एल-ओ-जी ही तीन मोठी रोमन अक्षरं लिहायची, आणि फाइल सेव्ह करून बंद करायची. यापुढे ती फाइल उघडली की नोटपॅड स्वतःहून शेवटी त्या क्षणाची वेळ आणि तारीख लिहितं, आणि कर्सर तिथेच येऊन थांबतो. झाली रोजनिशी. कुठलं ॲप घ्यायला नको, खातं उघडायला नको. मधेच कुठे वेळ टाकायची असेल तर एफ-पाच दाबायचं. माझ्या कामाच्या नोंदी अशाच एका फाइलीत आहेत. 'हे आपण नक्की केव्हा ठरवलं होतं' असा प्रश्न आला की त्या फाइलीत कंट्रोल-एफ मारून शोधते.

साध्या मजकुरावर माझा जीव असण्याचं दुसरं कारण त्याचं आयुष्य. इंग्रजी अक्षरांची आस्की ही संकेतप्रणाली १९६३ ची. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये एका उपाहारगृहात, टेबलावरच्या कागदी मॅटवर यूटीएफ-८ ची, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या पद्धतीची, आखणी केली, तेव्हा जुनी आस्की फाइल आहे तशीच नव्या पद्धतीतही वाचता यावी याची त्यांनी काळजी घेतली. जुन्याला न मोडता नव्याला जागा करून देणारी ही रचना मला मनापासून सुंदर वाटते. देवनागरीत लिहिणाऱ्याला तिचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ज्यांनी जुन्या, ज्याच्या-त्याच्या संकेतांच्या फॉन्टमध्ये पानंच्या पानं लिहिली, त्यांच्या फाइली तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामायिक संकेतात, लिहिलेलं कुठेही उघडा, ळ हा ळ च राहतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे दहा लाख चिन्हांचं जाडजूड लेखनही तीन एमबीत बसतं, मोबाइलवरच्या एखाद्या फोटोएवढ्या जागेत.

आता टेस्लर यांचा 'नो मोड्स'चा आग्रह एकीकडे, आणि दुसरीकडे व्हिम हा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा-बदलायचा प्रोग्रॅम, प्राणापलीकडे जपणारे माझे काही मित्र. व्हिम तर मोडवरच उभा आहे. त्याचा पूर्वज व्हीआय बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिला. कर्सर हलवायला त्यात एच, जे, के, एल ही अक्षरं आहेत, कारण जॉय वापरत त्या टर्मिनलच्या, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या पडदा-कीबोर्डच्या जोडीच्या, कीबोर्डवर बाण याच चार बटणांवर छापलेले होते. ते टर्मिनल कधीच अडगळीत गेलं, बोटांची सवय उरली. मी बराच विचार करून अशा मताला आले आहे, की दोन्ही पक्ष बरोबर आहेत. आठवावा लागणारा मोड जाच करतो. बोटांत मुरलेला मोड डोक्यातली जागाच घेत नाही. व्हिम वापरणाऱ्याला विचारा, 'शब्द पुसायला काय दाबलंस?' त्याला सांगता येत नाही. तो हात हवेत धरून बोटं हलवून पाहतो आणि मग सांगतो. तिथे पोचेपर्यंतचे आठवडे कठीण असतात, आणि ते सोसायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण कुठलाही प्रोग्रॅम निवडा, त्याच्याबरोबर मुरेपर्यंत राहायला हवं. दर दोन महिन्यांनी नवं टिपण-ॲप, नवी कामांची यादी असं करत राहिलं, की बोटं कायम नवशिकीच राहतात आणि सगळा भार पुन्हा डोक्यावर.

फाइलींच्या नावांबद्दल थोडक्यात. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहावी, एक आकडी महिना आणि दिवस यांच्याआधी शून्य लावून. १९८८ पासून हे आंतरराष्ट्रीय मानकच आहे. त्यामुळे नावानुसार लावलेली यादी आपोआप काळानुसारही लागते. तारखेपुढे, ही फाइल शोधताना मी कुठला शब्द टाइप करेन, तोच शब्द लिहावा. 'अंतिम', 'अंतिम नवीन' हे शब्द फाइल करतानाच्या मनःस्थितीचे असतात; सहा महिन्यांनी शोधणाऱ्याला ते काहीच सांगत नाहीत.

इथून पुढच्या युक्त्या यंत्राच्या नाहीत, मनाच्या आहेत. पण त्यांचंही काम तेच. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अर्धवट थांबवलेली कामं लोकांना पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवली. पुढे ते प्रयोग पुन्हा करणाऱ्यांना दर वेळी तसाच निकाल मिळाला नाही. मला जास्त उपयोगी वाटलं ते २०११ मधलं मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांचं काम. अपुरी राहिलेली गोष्ट दुसऱ्या कामात मध्ये मध्ये डोकं वर काढत राहते, पण तिचा नेमका बेत आखला की हा त्रास ओसरतो. काम पूर्ण व्हायलाच हवं असं नाही. ते कसं, केव्हा करायचं हे ठरलं, तरी मन ते सोडून देतं.

म्हणून मशीन बंद करण्याआधी मी एक ओळ लिहिते. 'अहवाल पूर्ण करणे' अशी ओळ कुचकामी. ती वाचून सकाळी पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागतो. 'तिसऱ्या तक्त्यातली बेरीज मूळ आकड्यांशी ताडून पाहणे, मग त्याखालचा परिच्छेद लिहिणे' अशी हवी. हात कुठे ठेवायचा आहे ते तीत आलं पाहिजे. अधेमधे कुणी बोलवायला आलं तरी हेच. "आलेच, एक मिनिट," म्हणायचं आणि त्या मिनिटात पुढची पायरी लिहून टाकायची. जे मन बोलवणाऱ्याबरोबर जातं ते पुरतं जातं, आणि परतल्यावर बसायला त्याला जागा तयार असते.

दुसरी युक्ती आठवणीवर न विसंबता क्रम बदलण्याची. मेल लिहिताना आधी फाइल जोडावी, मग मजकूर लिहावा, आणि ज्याला पाठवायचा त्याचा पत्ता सगळ्यात शेवटी भरावा. पत्ताच नसेल तर अर्धवट किंवा रागाच्या भरात लिहिलेला मेल जाणारच नाही. 'जोडायला विसरू नकोस' असं स्वतःला बजावत राहण्यापेक्षा, विसरलं तरी बिघडणार नाही असा क्रम लावणं केव्हाही चांगलं.

अडलेला प्रश्न कुणाला विचारण्याआधी तो पूर्ण वाक्यांत लिहून काढावा, हीही जुनी, प्रोग्रॅमर मंडळींच्या खास आवडीची युक्ती. काय करायचं होतं, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. चौथ्या वाक्यापर्यंत पोचण्याआधीच उत्तर सापडल्याचा अनुभव मला वारंवार येतो.

आणि पासवर्ड. इथे तर डोक्यावर विनाकारण ओझं लादण्याचा इतिहासच आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या या शतकाच्या सुरुवातीच्या मार्गदर्शनामुळे आकडा हवा, चिन्ह हवं, ठरावीक दिवसांनी बदला, अशा नियमांचा प्रसार झाला. त्याच संस्थेने २०१७ मध्ये कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असं सांगितलं. लोक सक्तीने बदलतात तेव्हा शेवटचा आकडा एकाने वाढवतात, एवढंच होतं. माझी पद्धत सरळ आहे. पासवर्ड मॅनेजर वापरायचा, बाकी सगळे पासवर्ड त्यानेच तयार करून सांभाळायचे, आणि डोक्यात ठेवायचा तो एकच, त्या मॅनेजरचा. तो करायला अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडलेली फाशांची पद्धत वापरावी. ७,७७६ शब्दांची क्रमांक दिलेली यादी असते. पाच वेळा फासा टाकून एक शब्द ठरतो. असे सहा शब्द घ्यायचे. शक्यता होतात २ वर तेवीस शून्यं एवढ्या, आणि सहा शब्दांचं एखादं चित्र मनात रंगवलं की दोन दिवसांत ते पाठ होतं. शब्द स्वतः निवडायचे नाहीत, फाशालाच निवडू द्यायचे. सगळी ताकद त्यातच आहे.

इतकं वाचून कुणाला हे सगळं एकदम करून पाहावंसं वाटलं, तर माझं सांगणं आहे की करू नका. दिवसभरात आपली तंद्री नेमकी कुठे मोडते ते दोन दिवस पाहा. ज्याचे टॅब हरवतात त्याला टॅबची युक्ती, ज्याची कामं रात्री उशाशी येऊन बसतात त्याला त्या एका ओळीची. एकच घ्यायची, ती कागदाच्या चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला लावायची, आणि चिठ्ठीकडे पाहायची गरज संपेपर्यंत दुसरी घ्यायची नाही. काम अंगावर आलेलं असताना तर नवी सवय लावायला मुळीच जाऊ नये. निवांत दिवस बघावा. मावशीला मी दुसरी युक्ती शिकवली ती बऱ्याच काळाने, तिनेच येऊन विचारलं तेव्हा.

"ते लिहिताना सारखं माउसकडे जावं लागतं बघ. काही आहे का त्यावर?"

आहे, मावशी.